दत्त्या, ओंकारला एक फोन कर

दत्त्या,

सहा महिने झाले, तुझ्या दोन मिस्ड कॉलना उत्तर नाही दिलं, रागावला असशील तर हक्क आहे तुझा. माझं बीपी गोळीवर ठीक, हिचा गुडघा आहे तसाच. पण परवा जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू? इथे कुडाळात रेडिओवरचं रॉजर म्हटलं की लोकांना फेडरर आठवतो.

आमचा ओंकार हेलिकॉप्टरच्या ट्रेनिंगमधून चार दिवस रजेवर आला होता. रात्री गल्लीतून गाडी रिव्हर्स घेत होतो, हा मागे उभा राहून सुरू झाला, "मागे पाच... चार... तीन... दोन... स्टेडी, स्टेडी..." अरे अगदी तुझा सूर! सी किंग हेलिकॉप्टरच्या दारात आडवा पडून तू पायलटला असंच सांगायचास ना, त्याला पोटाखालचं काही दिसत नाही, तुझा आवाज हेच त्याचे डोळे, तू गप्प झालास की तो आंधळा. आणि मी तुला इतकी वर्षं बडबड्या म्हणत आलो. मेसमधलं ते भांडण आठवतं? तू म्हणालास, तुम्ही आयएल-३८ या गस्ती विमानावरचे आयएलवाले आठ तास उडता आणि आठ वाक्यं बोलत नाही. मी ताट घेऊन उठलो होतो.

पण आमचं कामच तसं होतं रे. समुद्रावर लांब गेलं की जवळचा स्वच्छ रेडिओ, व्हीएचएफ, संपतो, मग लांबचा एचएफ, आवाज लाटेसारखा वर-खाली, त्या खरखरीत फाइव्ह कुठला आणि नाइन कुठला कळत नाही म्हणून फाइफ आणि नाइनर म्हणायचं, प्रत्येक आकडा सुटा, सावकाश, नि मग समोरच्याने तेच परत म्हणून दाखवायची, रीडबॅकची, वाट बघत बसायचं. एका कानात १२१.५ ही संकटाची फ्रिक्वेन्सी चालूच, कुणी संकटात असला तर. हॅरियर या लढाऊ विमानवाल्यांचं तिसरंच, मास्कमधला श्वास ऐकू यायचा, कॉलसाइन, फ्यूल किती, खलास. विराट या विमानवाहू जहाजावर उतरायला आलेल्या माणसाला गप्पांना वेळ कुठला. दाबोळीच्या एकाच रनवेवर आपण सगळे, वर प्रवासी विमानं, आणि नुसत्या बोलण्यावरून कोण कुठल्या स्क्वाड्रनचा ते ओळखायचो.

तर जेवताना ओंकार सहज बोलून गेला, चेतक हेलिकॉप्टरवर हॉवरचा, म्हणजे हवेत एका जागी थांबण्याचा, सराव चालू असताना टॉवरने काहीतरी सांगितलं, अर्धं कळलं नाही, आणि हा रॉजर म्हणून मोकळा झाला. का, तर से अगेन, म्हणजे परत सांगा, म्हटलं की बॅचमधली पोरं चहाच्या वेळी नक्कल करतात. शेजारी इन्स्ट्रक्टर होता म्हणून निभावलं. माझा घास तिथेच अडकला. रॉजर म्हणजे तुझं सगळं ऐकलं, एवढंच. करतो म्हणायचं तर विल्को. आणि हा न ऐकताच ऐकलं म्हणाला!

मी त्याला टेनेरीफच्या विमानतळावरचा अपघात सांगितला. २७ मार्च १९७७, आमची आयएल ३१५ स्क्वाड्रनमध्ये आली तेच वर्ष. धुक्यात दोन जंबो एकाच रनवेवर, एक उडायला निघालेलं, टॉवर त्याला म्हणतोय थांब, दुसरं विमान म्हणतंय आम्ही अजून रनवेवरच आहोत, दोघांची रेडिओची बटणं एकदम दाबली गेली आणि निघालेल्याच्या कॉकपिटमध्ये नीट काही कळण्याऐवजी शिट्टी. ५८३ माणसं गेली. टेक-ऑफ हा शब्द आज परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, तो त्यामुळे. त्याने मान डोलावली, "हो बाबा" म्हणाला, आणि तो "हो" मला रॉजरसारखाच वाटला. तेव्हापासून झोप नाही. रात्री पंख्याची घरघर ऐकत पडतो आणि वाटतं, हा आता उद्या कशाला रॉजर म्हणेल.

२०१६ ला हॅरियर गेले, ऑक्टोबर २०२३ ला ४६ वर्षांनी आमची आयएलही गेली, माझ्या एचएफच्या गोष्टी त्याला आजोबांच्या वाटणार. तू हेलिकॉप्टरवाला, तुझं ऐकेल. त्याला त्या जुलैचं सांग, तारेला माणूस लटकतोय, खाली बोट हेलकावतेय आणि तू पायलटला तीनदा से अगेन विचारलंस. कुणी नक्कल केली होती का तुझी? उलट तो पायलट रात्री तुझ्या खोलीवर आला होता, आठवतं ना.

प्राजूचं ठरलं म्हणे, तारीख कळव, हॉलचं काय ते मी बघतो. वहिनींना नमस्कार. दुकान चालतंय ना?

ओंकार रविवारी सकाळी मोकळा असतो, नऊनंतर लाव. मी सांगितलंय असं बोलू नकोस.

तुझा,
बाळ्या