आधी पट्ट्या, मग नियम

महोदय,

स्मार्ट बोर्डाचं कौतुक करणारा कालच्या अंकातला लेख वाचला आणि राहवलं नाही. फळा बदलला म्हणून नवा संबोध मुलांच्या डोक्यात आपोआप उतरत नाही.

माझी नात सहावीत आहे. परवा तिच्या वहीत १/३ + १/४ = २/७ असं उत्तर दिसलं. त्यावर लाल फुली आणि शेरा: 'नियम पाठ कर.' अहो, नियम तिला पाठ होता! लसावि काढायचा, छेद समान करायचे, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. छेद समान का करायचे, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. वर्गात त्याचा व्हिडिओही दाखवून झाला होता.

मी कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या कापल्या. एकीचे तीन भाग, दुसरीचे चार, तिसरीचे सात. तिचं उत्तर, म्हणजे सातातले दोन भाग, रंगवून एक तृतीयांशाखाली ठेवले. ते चक्क आखूड निघाले! "आजी, मिळवल्यावर कमी कसं झालं?" तिनेच विचारलं. मग बारा भागांची पट्टी घेतली. तृतीयांशात चार भाग बसले, चतुर्थांशात तीन. सात बारांश तिने स्वतः मोजले. 'समच्छेद' हा शब्द मी त्यानंतर उच्चारला. लाल फुली मारण्याऐवजी बाईंनी तो एक प्रश्न विचारला असता तर?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवलं. दुकानातून अदपाव, म्हणजे पावाचा अर्धा, चहा आणणाऱ्या मुलाला १/८ हा १/४ पेक्षा लहान, हे पटवावं लागत नसे. आठ मोठा म्हणून १/८ मोठा, असं म्हणणाऱ्याला आधी पुडी आठवायला सांगायची. बालशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला आसपासच्या वस्तूंतूनच मुलांना शिकवलं. तिथे कुठला आला होता स्मार्ट बोर्ड?

पण नुसतं शिक्षकांना बोलून कसं चालेल? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून त्यांना अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. तरी रोज नवी लिंक भरा, नवी माहिती पाठवा, उपक्रमाचे फोटो टाका. पट्ट्या कापायला वेळ उरणार कधी? यावर आपल्या वार्ताहरांनी जरूर लिहावं.

एक निवृत्त शिक्षिका, सातारा