केदार म्हणजे नक्की काय

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, स्पॅनिशच्या क्लासमधे केदार क्रियापद आलं आणि डिक्शनरीतले अर्थ बघून डोकं फिरलं म्हणालास, म्हटलं नीट बसूनच लिहावं, कारण माद्रिदला आल्यावर मलाही ह्या एका शब्दाने भरपूर छळलंय. (उच्चार आपल्या केदारसारखाच, फक्त द एकदम मऊ.)

अर्थ पाठ करू नकोस. मूळ लॅटिनमधलं, शांत करणं असा अर्थ, इंग्रजी क्वाएट त्याच घरातलं. जे निवांत होऊन एका जागी राहिलं ते केदार, एवढं धरून ठेव. 'मे केदान दोस एउरोस', माझ्याकडे दोन युरो उरलेत, आणि एकच असेल तर 'मे केदा उन एउरो', म्हणजे क्रियापद युरोंप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. आपण 'मला दोन आंबे मिळाले' म्हणतो ना, अगदी तसंच! कपड्यांनाही हेच, 'ते केदा ग्रांदे', तुला मोठा होतोय.

मी फसलो ते भेटण्यात. ऑफिसमधला एकजण म्हणाला, 'केदामोस एल साबादो?' मला वाटलं शनिवारी पण थांबायचंय कामाला, मी सरळ नाही म्हटलं आणि त्याचा चेहराच पडला. तो बिचारा भेटू या का विचारत होता. 'एन के केदामोस?' म्हणजे मग काय ठरलं आपलं? बरं, केदामोस वर्तमानात आणि भूतकाळात सेमच, त्यामुळे मागचंपुढचं ऐकूनच ओळखायचं.

आणि शेवटी से लागून केदार्से झालं की राहणं, ठेवून घेणं, अमुक होऊन बसणं. सुट्टे परत नको असतील तर 'केदाते कोन एल काम्ब्यो', आपलं 'राहू दे'. खालच्या मजल्यावरच्या आजी एकदा टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा करता करता म्हणाल्या, 'मे केदे ब्यूदा', मी विधवा झाले. डिक्शनरीत नुसतं 'होणं' लिहिलंय रे, पण मला त्यात 'मागे राहिले' असंच ऐकू आलं, तेव्हापासून हा शब्द माझ्या फार जवळचा झालाय. मी निघायला उठलो तर त्यांनी दुसरी ताटली काढली, 'केदाते आ कोमेर', जेवूनच जा. मसूर केले होते, आपल्या आमटीसारखेच, फक्त वर फोडणी नाही.

सुट्टीत पुण्याला येतोय, कधी केदामोस ते कळव.

तुझाच