शिकागोला येणाऱ्यांनी ओक वूड्सची दफनभूमी पाहावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा सुरू झाला की शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांमध्ये महाराष्ट्रातून आईवडील, सासूसासरे यायला लागतात. त्यांना काय काय दाखवायचं याची यादी बहुतेक घरांत सारखीच असते. लेमॉन्टचं राममंदिर, ऑरोराचा बालाजी, बार्टलेटचं स्वामिनारायण मंदिर, डाउनटाउनमधला तो चकचकीत 'बीन', विलिस टॉवरचा काचेचा सज्जा, डेव्हन अव्हेन्यूवरची खरेदी, आणि सवड मिळाली तर नायगारा. १८९३ साली स्वामी विवेकानंद जिथे बोलले ती आर्ट इन्स्टिट्यूटची इमारतही आवर्जून दाखवली जाते. या यादीत सदुसष्टाव्या रस्त्यावरची ओक वूड्स दफनभूमी मात्र मी कुणाच्याच पाहिली नाही. ती असायला हवी, म्हणून हे पत्र.

दफनभूमी काय पाहायची, असं कुणी म्हणेल. पण आपण रायगडावर समाधीपुढे माथा टेकतो, चैत्यभूमीला जातो, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी थांबतो. मोठ्या माणसांच्या अखेरच्या जागी जाण्याचं आपल्याला वावडं नाही. अडचण वेगळी आहे. ओक वूड्स शिकागोच्या दक्षिण भागात, ज्याला इथे 'साउथ साइड' म्हणतात तिथे, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत आहे. नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला कुणी ना कुणी बजावून सांगतं, 'तिकडे फिरकायचं नाही.' हे सांगताना सूर अगदी तसाच लागतो, जसा आपल्या गावांत गावकुसाबाहेरच्या वस्तीबद्दल बोलताना लागत असे. मला याचं फार दुःख होतं. गुन्हे कुठे घडतात याची माहिती ठेवणं वेगळं आणि शहराचा अर्धा भाग मनातून पुसून टाकणं वेगळं.

ही दफनभूमी १८५३ साली स्थापन झाली. १८३ एकरांचा परिसर, जुनी झाडं, मधून वळणारे रस्ते आणि तळी. यातल्या एका तळ्याकाठी जेसी ओवेन्स यांची कबर आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४ x १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदकं, तीही हिटलरच्या डोळ्यांदेखत, जिंकणारा धावपटू. त्याच ऑलिम्पिकमध्ये ध्यानचंदांच्या संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असं हरवलं आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथेच देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. म्हणजे ओवेन्स ज्या दिवसांत बर्लिन गाजवत होते, त्या दिवसांत विदर्भातली मुलंही त्या शहरात होती. अमरावतीकराने तरी त्या तळ्याकाठी जाऊन दोन मिनिटं उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

ओवेन्सचा जन्म १९१३ चा, अलाबामातल्या ओकव्हिलचा. बर्लिनच्या आदल्या वर्षी, २५ मे १९३५ रोजी, अ‍ॅन आर्बर इथे त्यांनी पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्या दिवशीचा लांब उडीचा ८.१३ मीटरचा विक्रम पुढे पंचवीस वर्षं टिकला. एवढा मोठा माणूस बर्लिनहून मायदेशी परतल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये बोलावलं नाही. पोट भरण्यासाठी त्याला पुढे घोड्यांशी शर्यती लावाव्या लागल्या. देशाने मोठा नागरी सन्मान दिला तो १९७६ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. आणि १९८० मध्ये ओवेन्स गेले. त्यांचा पराक्रम सगळ्यांना ठाऊक असतो. मधली ही चाळीस वर्षं आपल्या मुलांनाही कळावीत.

याच आवारात हॅरॉल्ड वॉशिंग्टन आहेत, शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. इथला महापौर मुंबई-पुण्याच्या महापौरासारखा केवळ मानाचा धनी नसतो, शहराचा सगळा कारभार त्याच्या हाती असतो. १९८३ साली वॉशिंग्टन यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत विद्यमान महापौर जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली या दोघांना हरवलं. मग जन्मभर डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत आलेले हजारो गोरे मतदार रिपब्लिकन उमेदवाराकडे वळले. 'वेळ निघून जाण्याआधी' अशी त्या उमेदवाराची घोषणा होती, आणि तिचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. तरीही वॉशिंग्टन निवडून आले. पुढे ५० नगरसेवकांपैकी २९ जण त्यांच्या विरोधात एकवटले आणि जवळजवळ तीन वर्षं त्यांचे प्रस्ताव नि नेमणुका अडवून धरल्या. प्रभागांच्या सीमा अन्याय्य होत्या म्हणून न्यायालयाच्या आदेशाने १९८६ मध्ये काही प्रभागांत पुन्हा निवडणूक झाली, बळ २५-२५ असं समान झालं आणि निर्णायक मत महापौरांकडे आलं. १९८७ मध्ये ते दुसऱ्यांदा जिंकले आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला महापालिकेतल्या कार्यालयातच, टेबलाशी बसलेले असताना, हृदयविकाराने गेले. शाळेत असताना ते स्वतः अडथळ्यांच्या शर्यतीतले धावपटू होते, हे फार थोड्यांना माहीत असतं.

खेळ आणि राजकारण इथे असं सतत एकमेकांत गुंतलेलं दिसतं. बर्लिनच्या १०० मीटरमध्ये ओवेन्सच्या पाठोपाठ रौप्यपदक मिळवणारे राल्फ मेटकाफ पुढे शिकागोचे नगरसेवक आणि अमेरिकी संसदेचे सदस्य झाले. पोलिसांच्या जुलमाच्या प्रश्नावर १९७२ मध्ये ते आपल्याच पक्षाच्या सर्वशक्तिमान महापौरांविरुद्ध उभे राहिले. त्यांची कबर इथे नाही. पण ज्या मतदारसंघातून ते निवडून गेले, तिथूनच १९८० साली हॅरॉल्ड वॉशिंग्टन संसदेत गेले.

मला सर्वांत जास्त वेळ थांबावंसं वाटतं ते आयडा बी. वेल्स यांच्या कबरीपाशी. १८६२ साली मिसिसिपीत गुलाम आईवडिलांच्या पोटी जन्म. १८८४ मध्ये तिकीट हातात असताना त्यांना रेल्वेच्या डब्यातून ओढून बाहेर काढलं गेलं. गांधीजींवर पीटरमारित्झबर्गला तोच प्रसंग आला त्याच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. त्यांनी रेल्वे कंपनीवर खटला भरला, जिंकला, आणि वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला. झुंडीने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याच्या प्रकारांवर त्यांनी लिहायला सुरुवात केली, तेव्हा १८९२ मध्ये मेम्फिसमधलं त्यांच्या वृत्तपत्राचं कार्यालय उद्ध्वस्त केलं गेलं. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा त्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना डावललं म्हणून वेल्सबाई गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांच्यासोबत निषेधाची पुस्तिका वाटत होत्या. विवेकानंदांची धर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. आर्ट इन्स्टिट्यूट दाखवताना आपण मुलांना एकच बाजू सांगतो. १९३० साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, वेल्सबाई इलिनॉय राज्याच्या सिनेटची निवडणूकही लढल्या आणि हरल्या. पुढच्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आणि याच भिंतींच्या आत दुसरी बाजूही पुरलेली आहे. यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेले, शिकागोच्या कॅम्प डग्लस तुरुंगछावणीत मेलेले चार हजारांहून अधिक दक्षिणी सैनिक इथे एका सामूहिक कबरीत आहेत. १८९५ मध्ये तिथे उंच स्तंभ उभारला, त्याच्या समारंभाला खुद्द राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड आले होते. कृष्णवर्णीय खेळाडूंसोबत मैदानात उतरायला नकार देणारा गाजलेला बेसबॉलपटू कॅप अ‍ॅन्सन (मृत्यू १९२२) इथे आहे. आणि ज्यांच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरू शकला नाही, ते आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस हेही इथेच. वॉशिंग्टन यांच्यासारखीच त्यांचीही पुण्यतिथी २५ नोव्हेंबरच, साल १९४४. तीनच वर्षांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूने मुख्य लीगमध्ये उतरून ती भिंत फोडली. सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारचिन्हावरून लँडिस यांचं नाव २०२० मध्ये काढलं गेलं. थडगं अर्थातच जागच्या जागी आहे, आणि ते तिथेच असावं. ओवेन्सला किती सोसावं लागलं हे लँडिसची कबर पाहिल्याशिवाय पुरतं उमगत नाही.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, गुलामांना मुक्त करताना त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष औदार्याबद्दल. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून या लढ्याशी आपलं नातं ज्यांनी ओळखलं, त्यांच्या महाराष्ट्रातून आलेली माणसं आज त्या लढ्यातल्या माणसांच्या कबरींपासून तासाभराच्या अंतरावर राहतात आणि तिकडे जात नाहीत. शिवाय आपण इथे आलो ते कुणाच्या पुण्याईवर? १९४६ च्या कायद्यानुसार वर्षाला फक्त १०० भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होता येत असे. ती अट गेली १९६५ च्या कायद्याने. आधीच्याच वर्षीचा नागरी हक्कांचा कायदा आणि त्यामागचं कृष्णवर्णीयांचं आंदोलन नसतं, तर वंशावर आधारलेला तो कोटा तेव्हा हटला नसता. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचं आहे, हा योगायोग नव्हे. आपल्याला नोकरी, घर, नागरिकत्व मिळालं ते गुणवत्तेवर, हे आपण अभिमानाने सांगतो. ते खरंही आहे. पण दरवाजा आधी कुणी तरी धक्के खाऊन उघडला होता.

म्हणून माझ्या तीन विनंत्या. इथल्या मराठी शाळांनी वरच्या वर्गातल्या मुलांना वर्षातून एकदा ओक वूड्सला न्यावं. मुंबई-पुण्याच्या सहल कंपन्यांनी शिकागोच्या कार्यक्रमात त्यासाठी दोन तास ठेवावेत. आणि आपल्या पुरवणीत परदेशप्रवासाचं पान असतं, तिथे या जागेबद्दल सविस्तर लेख यावा. ग्रीन लाइनच्या गाडीने कॉटेज ग्रोव्ह स्थानकावर उतरलं की दफनभूमी दक्षिणेला चार गल्ल्या अंतरावर आहे. स्वतःची गाडी असेल तर ती आतल्या रस्त्यांवरून नेता येते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांनाही अडचण नाही. दिवसाउजेडी जावं, आणि कुठे अंत्यविधी चालू असेल तर तिथून गाडी हळू न्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
नेपरव्हिल, शिकागो