पहिल्या किमोनंतर शहाळं देताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडे राजापूर-लांजा भागात कोणी मुंबईहून पहिली किमो घेऊन आला की बघायला येणारा प्रत्येकजण शहाळी घेऊनच येतो, थंड असतं, ताकद येते म्हणून. एरवी द्या की, पण ब्लड कॅन्सर किंवा लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा) पेशंट असेल तर पहिले काही दिवस डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

होतं काय, की अ‍ॅक्युट ल्युकेमिया (एक ब्लड कॅन्सर), बर्किट लिम्फोमा असले झपाट्याने वाढणारे कॅन्सर औषधालाही झपाट्याने दाद देतात, एकाच वेळी ढीगभर पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम, फॉस्फेट सगळं रक्तात येतं, डीएनएचं युरिक अ‍ॅसिड होऊन त्याचे स्फटिक किडनीत अडकतात, कॅल्शियम खाली जातं मग हातापायाला गोळे येतात, कधी झटकेसुद्धा. पोटॅशियम चढलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. याला ट्युमर लायसिस सिंड्रोम म्हणतात. नंतर गावभर होतं 'किमो सोसली नाही', खरं तर ती जास्तच लागू पडलेली असते!

बहुतेक वेळा हे १२ ते ७२ तासांत होतं, म्हणजे डे-केअरला किमो घेतलेला माणूस तेव्हा तुतारी एक्सप्रेसमध्ये नाहीतर घरी. आणि गाडीत बाथरूमला जायला नको म्हणून आपली माणसं पाणीच पीत नाहीत, वर अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून पेनकिलर, म्हणजे किडनीवर दोन्हीकडून मार. त्यात शहाळं, ज्याच्या ग्लासभर पाण्यात एका केळ्याएवढं पोटॅशियम सहज असतं. आधीच किडनी अधू असेल, गाठ मोठी असेल, पांढऱ्या पेशी खूप असतील तर धोका अजून जास्त. मानेला गाठ आली की निदान न करताच स्टेरॉइड देणारे पण आहेत, लिम्फोमा निघाला तर नुसत्या स्टेरॉइडनेही हे होऊ शकतं.

टाळता येतं हो. सलाईन, युरिक अ‍ॅसिड होऊ न देणारी अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी, जास्त धोका असेल तर झालेलं युरिक अ‍ॅसिड मोडणारं रासब्युरिकेज. व्हेनेटोक्लॅक्स नावाची गोळी सीएलएल या ब्लड कॅन्सरमध्ये २० मिलिग्रॅमपासून सुरू करून ५ आठवड्यांत ४०० पर्यंत नेतात ती याचसाठी.

पण घरी आल्यावर रक्त तपासायचं कुठे? इथून घेतलेलं रक्त दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला पोचलं तर ट्यूबमध्येच पेशींतून पोटॅशियम बाहेर येऊन आकडा उगाच जास्त दिसतो. ही पोटॅशियमची टेस्ट तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच व्हायला हवी, रविवारीसुद्धा.

- एक वाचक, राजापूर