रक्तदाबाचे औषध आणि किडनीची भीती

अतिदक्षता विभागातील उपचारांवरचा आपल्या पुणे पुरवणीतील लेख वाचला. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, तो वाढवणाऱ्या औषधांनी किडन्या निकामी होतात, हा त्यातील सूर पटला नाही. जंतुसंसर्गामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, दाब कोसळतो आणि किडनीचा रक्तपुरवठा तुटतो. संसर्गाचा दाहही तिला इजा करतोच. नॉरॲड्रिनॅलिन हे रक्तदाब वाढवणारे औषध त्या वाहिन्या आवळून दाब सावरते. डोस फार वाढला तर बोटे काळी पडू शकतात, हे खरे. म्हणूनच औषध हळूहळू सोडणाऱ्या सिरिंज पंपावर तो थोडा थोडा बदलतात आणि किडनी चालते का हे कळावे म्हणून दर तासाला लघवी मोजतात.

सरासरी रक्तदाब (वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मधला) साधारण ६५ राखावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. फ्रान्समधील ७७६ रुग्णांच्या चाचणीत (२०१४) तो ८०-८५ ठेवूनही मृत्यू घटले नाहीत. उलट हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण वाढले. मात्र आधीपासून उच्च रक्तदाब असलेल्यांपैकी कमी जणांना डायलिसिस लागले. लेखात नेमके हेच राहून गेले. जुन्नर-इंदापूरहून रात्री पुण्यात हलवलेल्या रुग्णाला आधी उच्च रक्तदाब होता का, हे सांगणारी जुनी फाइल बहुधा घरीच राहते. बीपीची गोळी कोणती, असे विचारले की ‘पांढरी, बारकी’ एवढेच उत्तर मिळते. औषधाला नकार देण्यापेक्षा नातेवाइकांनी ती स्ट्रिप सोबत आणावी, हे आपल्या पुरवणीने ठळक चौकटीत छापावे.

– एक निवृत्त परिचारिका, सदाशिव पेठ, पुणे