बाबा, नाल्याकडचं शेत पेरलंय

येळ्ळूर, ता. बेळगाव
2 जून

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधी तुमच्या जिवाला लागून राहिलेली गोष्ट सांगते. बळ्ळारी नाल्याकडचं शेत पेरून झालं. रोहिणी लागल्यावर पेरलं, धूळवाफच, पाऊस धरायच्या आधी कोरड्या रानात. मे महिन्यात वळीव दोनदा जोराचा लागला, त्यामुळं नांगरटीची ढेकळं फुटली. मग रोटर मारून घेतला, वर मामांच्या बैलांचा कुळव फिरवला आणि त्यांच्याच कुरीनं पेरणी केली. आपल्या गल्लीत बैलजोडी आता त्यांच्या एकट्याकडं राहिलीय. तुम्ही फोनवर म्हणालात, यंदा वाट्यानं देऊन टाक, नाहीतर पड राहू दे, कोण बघणार. मी त्यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आईला दवाखान्यातून पुण्यात दादाच्या घरी आणलं त्याच दिवशी तो विषय वाढवायला नको वाटलं. पत्रात नीट सांगता येतं.

शेत पड ठेवायला मन होईना, कारण बी घरात होतं. आठवतं ना तुम्हाला, आज्जा नवरात्रात गेला. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात भात निसवलं होतं आणि तो काठी टेकत टेकत रोज शिवारात जायचा. सगळे ओरडत होतो, पडशील म्हणून. वरच्या कोपऱ्यात शिरून त्यानं उंच वाढलेली, वेगळ्या लोंबीची भेसळ सगळी उपटून काढली आणि खुंट ठोकून त्याला आपल्या जुन्या धोतराची चिंधी बांधली. हे बियाला, एवढंच म्हणाला. कापणीला तुम्ही त्या खुंटापाशी आलात आणि विळा हातात धरून नुसते उभे राहिलात. मी पेंढ्या बांधत होते, मला दिसलं. मग तो कोपरा तुम्ही स्वतः कापलात, वेगळा झोडपून घेतलात, वाळवलात, आणि पोत्यावर खडूनं ‘बी’ लिहून माळ्यावर चढवलंत. बाबा, पडच ठेवायचं असतं तर तुम्ही ते पोतं माळ्यावर चढवलं असतं का?

मी ते पोतं एप्रिलच्या शेवटी खाली काढलं. शाळेला सुट्टी होती आणि दादाची पोरं, सई आणि अर्णव, नुकतीच आली होती, हाताशी माणसं होती. आज्जा करायचा तशी आधी उगवण बघितली. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या रांगेत मांडले, गुंडाळले आणि न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवले. पाणी शिंपडायचं काम अर्णवकडं. तो पहाटे उठून बघायचा. शेवटी मोजले तर 91 उगवले होते. मग पेरणीच्या आदल्या दिवशी मिठाचं पाणी केलं, दहा लिटरला 300 ग्रॅम मीठ, आणि त्यात बी सोडलं. तरंगलेलं पोकळ भात काढून टाकलं, खालचं दोनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवलं. हे मिठाचं माप मात्र आज्जाचं नाही, कृषी खात्याच्या माणसानं मागे सांगितलेलं. आज्जा सुपानं पाखडायचा आणि त्याच्या हातून एक पोकळ दाणा सुटायचा नाही. तसा हात माझा नाही, म्हणून मीठ.

सगळं रान इंद्रायणी आहे. पण बांधाकडेला दोन गुंठे बासमती ठेवलीय, त्याचं बी आज्जाच्या डब्यातलं. मामा म्हणाले, कशाला, ऑक्टोबरच्या पावसात आडवी होते, उतारा मिळत नाही. खरं आहे. येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर या सगळ्या शिवारात बासमती होती, आता लोक घरापुरती पेरतात, तेही थोडेच. पण पोटरीतून लोंबी बाहेर पडते त्या दिवसांत बांधावरून चालताना जो वास येतो, तो मला सोडायचा नाही. सणाला घरचा भात शिजला की गल्लीत कळायचं. आई, तू पहिल्या भातातली मूठ कपिलेश्वराला द्यायचीस, ती यंदाही जाईल.

आता घराचं. आई, वर्षाची चटणी झाली. तुझ्याच मापानं केली. दोन किलो बॅडगी रंगाला, एक किलो संकेश्वरी तिखटाला. मिरची शनिवारच्या बाजारातूनच आणली. सईला बरोबर नेलं होतं. संकेश्वरी हातात घेऊन देठ मोडून बघायचा, वाळली असेल तर टचकन मोडतो, हे तिला दाखवलं. पुण्याची पोरगी, पण तिनं मग प्रत्येक पोत्यातला एक देठ मोडून बघितला. बाजारवाला हसला, रागावला नाही. मिरची चार दिवस गच्चीवर वाळवली, धणे, जिरे, तीळ, खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी सगळं मंद आचेवर वेगवेगळं भाजलं, कांदा-लसूण तेलात परतून घेतला. मिरची कुटायच्या डंकावर नंबर लावून सकाळी सहालाच गेले होते, तरी पुढं गल्लीतल्या बायका होत्याच. तिथं प्रत्येक बाई तुझी चौकशी करत होती. गुडघा वाकतो का, मांडी घालून बसता येतं का. मी सगळ्यांना सांगितलं, वॉकरवरून चालते, पण मांडी घालून बसायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. तू घरी आल्यावर जमिनीवर बसून भाकरी थापायला जाशील, म्हणून आत्ताच ओटा उंच करून घेतलाय. गवंड्यानं दोन दिवसांत केला. यावर वाद घालू नकोस.

चटणीच्या बरण्यांत हिंगाचे खडे घालून फडकी बांधलीत. एक बरणी दादाकडं पाठवते. सांडगे, कुरडया झाल्या. पापड या वर्षी थोडे केले, कारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनलाच आभाळ भरून यायला लागलं आणि वाळवण उचलायला धावाधाव व्हायची. लाईट जायची ती रात्री यायची. पोरं आधी कुरकुरली, मग कट्ट्यावर चटई टाकून बसायला लागली.

कट्ट्यावरच्या गोष्टींचंच तुम्हाला सांगायचंय. अर्णवनं पहिल्या दिवशी विचारलं, पणजोबा कुठं बसायचे? मी भिंतीला टेकायची जागा दाखवली. तिथं आज्जाच्या पाठीच्या तेलाचा डाग अजून आहे, दिवाळीला रंग देताना मी तेवढी जागा सोडायला सांगितलं होतं. त्यानंतर रोज एकजण काहीतरी विचारायचा. त्यांना कुस्ती खेळता यायची का? त्यांना राजहंसगडावर चढता यायचं का? मला येत होतं ते सांगत गेले. गडावरच्या सिद्धेश्वराला तो श्रावणात अनवाणी जायचा. यात्रेच्या मैदानात कुस्त्या बघताना शेजारच्याच्या खांद्यावर इतक्या जोरात हात मारायचा की लोक त्याच्या शेजारी बसायचे नाहीत. भात विकून बाजारातून येताना कुंदा आणायचा आणि कागद आधी आमच्या हातात द्यायचा, कागदाला चिकटलेलं पोरांचं, हा त्याचा नेम. मिरचीवाल्यांशी, गुळवाल्यांशी भाव करताना तो अस्सल कन्नड बोलायचा, आणि हिशेब मात्र बोटांवर मराठीत करायचा. सईला हे फार आवडलं. ती म्हणाली, मग सीमालढ्यात ते भांडले कुणाशी?

या प्रश्नाला मी घाईनं उत्तर दिलं नाही. काल 1 जून, कन्नड सक्तीविरुद्धच्या हुतात्म्यांचा दिवस. माझी शाळा 29 मेला सुरू झाली, म्हणून काल पहाटेच दोघांना घेऊन हिंडलग्याला गेले आणि हुतात्मा स्मारकाला फुलं वाहिली. आज्जा दर वर्षी जायचा आणि आपल्या घरातून या वर्षी कुणी गेलं नसतं, ते मला सहन झालं नसतं. तिथं उभं राहून मी त्यांना जमेल तितकं सांगितलं. की 1956 ला राज्यांची रचना झाली तेव्हा आपला भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. की 1986 साली कन्नड सक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसं गेली. की पणजोबांचं भांडण शेजारच्या कन्नड माणसाशी कधीच नव्हतं. आपल्या पोरांना आपल्या भाषेत शाळा मिळावी, आपल्या जमिनीचा उतारा आपल्याला वाचता यावा, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. उतारा आला की आज्जा तो माझ्यासमोर धरायचा, वाच म्हणून. मला शाळेत कन्नड शिकवलंय, मी वाचून दाखवायची. तो नाव आणि सर्व्हे नंबर दोनदा ऐकायचा आणि घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवायचा. मी मराठी शाळेत मास्तरीण झाले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याला झाला होता. पटावर पोरं किती आली, हे तो दर जूनला विचारायचा. परवा पहिलीत नवी नावं लिहिताना मला तेच आठवत होतं.

सईनं पुढं विचारलं, त्या दिवशी पणजोबा कुठं होते? आणि इथं मी अडले. 1986 च्या त्या आठवड्यात आज्जा घरी आला नव्हता, एवढंच आजीच्या तोंडून ऐकलेलं. तुम्ही तेव्हा ऐन विशीत होता, नुकते उद्यमबागेत फौंड्रीला लागला होता. तुम्हाला सगळं माहीत आहे. आज्जा गेल्यापासून तुम्ही त्याचं नाव घेत नाही. कुणी काढलं तर उठून परड्यात जाता. पुण्यात दादाकडंही तसंच आहे, असं वहिनी म्हणाली. मला वाटतं, तुमच्या मनात आहे की जन्मभर भट्टीसमोर उभा राहिलो आणि शेत त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकलं. बाबा, मी त्याच्याबरोबर बांधावर बसून जेवलेय. त्यानं एकदाही तसं म्हटलं नाही. कापणीच्या दिवसांत तुम्ही रात्रपाळी करून यायचात आणि चहा पिऊन तसेच रानात उतरायचात, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. तुमच्या पगारातून नाल्याकडच्या शेताचा बांध बांधला, म्हणून पुराच्या वर्षी आपली माती राहिली, हेही तोच सांगायचा. तुमच्यासमोर त्याला बोलता आलं नाही. तुम्हालाही त्याच्यासमोर आलं नाही. माझ्यापाशी दोघांचंही आहे, म्हणून हे आज लिहून पाठवतेय.

शेताची काळजी आता सोडा. उगवण होऊन पाऊस धरला की कोळपणीला मामांचे बैल येणार आहेत, पैसे ठरलेत. भांगलणीला गल्लीतल्या चार बायका सांगून ठेवल्यात, मी रविवारी आणि शाळा सुटल्यावर जाईन. नाल्याला पाणी चढलं तर बांध बघायला मामा आहेतच. तुमचं एकच काम. आईला वॉकर सोडून चालू देऊ नका, आणि जिन्याची घाई करू देऊ नका. ती ऐकणार नाही, पण तुमचं ऐकते, हे तुम्हाला अजून माहीत नाही.

मृग निघाला की लगेच यायचं म्हणू नका. भाताला पहिली भांगलण झाली, आईचा गुडघा पायऱ्या चढायला तयार झाला, की या. गणपतीला तर घरी पाहिजेच. आश्विनात आज्जाचं वर्षश्राद्ध आहे, त्याचं भटजींना सांगून ठेवलंय. त्याच्या आवडीची मसुराची आमटी आणि तांदळाची भाकरी करायची आहे. मसूर गेल्या रब्बीची घरची आहे, तेवढी बाजूला ठेवलीय.

पोरं पुण्याच्या शाळा सुरू होईपर्यंत इथंच आहेत. रविवारी संध्याकाळी सातला मी फोन लावते आणि कट्ट्यावर स्पीकर सुरू ठेवते. सई वही घेऊन बसणार आहे. 1986 च्या त्या आठवड्यात आज्जा कुठं होता, घरी आला तेव्हा तुम्ही कुठं उभे होता, तो काय म्हणाला, हे तिला सांगा. मलाही ऐकायचंय.

तुमची,
सुमन

ता. क. घरपट्टी भरली, पावती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात आहे. बाबांच्या बीपीच्या गोळ्या दादाला तिथूनच घ्यायला सांगा, इथून पाठवायला उशीर होईल.