हाडं कुठल्या डब्यात टाकायची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्यावरण दिनानिमित्त आमच्या महिला मंडळात 'पर्यावरण आणि गृहिणी' या विषयावर व्याख्यान झालं. पाहुण्यांनी ओझोनच्या थरापासून सुरुवात केली ती थेट हिमनगांपर्यंत. शेवटी शेजारच्या काकूंनी विचारलं, "रविवारी तांबडा-पांढरा झाला की हाडं कुठल्या डब्यात टाकायची?" सगळ्या हसल्या, पाहुणेही हसले आणि आभारप्रदर्शन सुरू झालं. (पुष्पगुच्छ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता.)

मला तर तेवढा एकच प्रश्न कामाचा वाटला. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे तीन भाग करायला सांगितलं. हाडं ओल्यात जातात, पण घरच्या खताच्या बादलीत घातली तर वास सुटतो आणि उंदीर येतात. मुदत संपलेली औषधं, घड्याळाचे सेल तिसऱ्या भागात. हे सांगायला पाच मिनिटं पुरली असती.

खताचा माझा पहिला प्रयत्न फसला होता. बादलीला भोकं पाडली नाहीत, नुसती भाजीची देठं आणि सालं भरत गेले. आठवड्यात अळ्या झाल्या, सासूबाईंनी बादली दाराबाहेर काढायला लावली. भांडी घासायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "वैनी, वर वाळला पाचोळा टाका की. उकिरडा काय नुसता वल्लाच असतोय व्हय?" त्याच बादलीतल्या खतावर आता कढीपत्ता वाढतोय. पुढच्या वेळी व्याख्यानाला या मावशींनाच बोलवा, असं मी मंडळात सुचवलंय.

होळीला आपल्याकडे शेणी दान करतात. त्या पंचगंगा स्मशानभूमीत उपयोगी पडतात हे डोळ्यांसमोर असतं, म्हणून बायका आनंदाने देतात. तसंच बायकांना एकदा जयंती नाल्यावर न्या. तळणीचं उरलेलं तेल मोरीत ओततो तेव्हा ते नाल्यातून पंचगंगेकडेच निघतं. खाली इचलकरंजीत २०१२ साली पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची केवढी साथ आली होती!

आणि कार्यक्रम रविवारी ठेवा, पुरुषांनाही बसवा. मटण प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणतात तेच. डबा नेला तर दुकानदार नको म्हणत नाही, मी विचारून आले आहे.

– एक गृहिणी, मंगळवार पेठ, कोल्हापूर